४६,२५१ प्रतींचा अंदाज: ‘नेव्हरमाइंड’चं प्रकरण

२४ सप्टेंबर १९९१ ला निर्वाना या तिघांच्या अमेरिकी रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम बाजारात आला. कंपनीने अख्ख्या अमेरिकेसाठी ४६,२५१ प्रती पाठवल्या होत्या. ब्रिटनमध्ये बँडचा आधीचा अल्बम बरा चालला होता, म्हणून तिकडे ३५,०००. साडेतीन महिन्यांनी, ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांच्या यादीत, हाच अल्बम मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिल्या क्रमांकावर बसला. तोवर आठवड्याला तीन लाखांच्या घरात प्रती उठत होत्या.

एवढा अंदाज चुकला कसा, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘एका पिढीचा आक्रोश’ वगैरे. ऐकायला छान, पण त्यातून हाताला काही लागत नाही. पिढी १९९० मध्येही तीच होती आणि आक्रोश करणारे बँड गल्लोगल्ली होते. कंपनीचा हिशोबही खुळा नव्हता, समोरच्या आकड्यांवरून कोणीही तोच केला असता. फक्त ते आकडे आधीच्या अल्बमांचे होते. हा अल्बम स्टुडिओत वेगळ्या हाताने घडला होता, आणि तो फरक विक्रीच्या कोष्टकात कुठे दिसत नव्हता.

आकडे कुठले

पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ चा. सिअॅटलमध्ये जॅक एंडिनोने आठ ट्रॅकांवर (ट्रॅक म्हणजे टेपवरची एकेक स्वतंत्र ध्वनिपट्टी) ध्वनिमुद्रित केला, खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. हे पैसे भरणाऱ्या जेसन एव्हरमनने त्यात एक सूरही वाजवला नाही, तरी वेष्टनावर गिटारवादक म्हणून त्याचं नाव आणि फोटो आहे. सब पॉप ही छोटी कंपनी कायम पैशांच्या ओढगस्तीत असायची. एप्रिल १९९० मध्ये बँडने मॅडिसन शहरातल्या स्मार्ट स्टुडिओत निर्माता बुच विगबरोबर आठवडाभर काम केलं. ते सब पॉपच्या दुसऱ्या अल्बमसाठी होतं, पण त्या टेपच्या नकला हातोहात फिरल्या आणि मोठ्या कंपन्यांपर्यंत पोचल्या. त्या काळातला ड्रमर चॅड चॅनिंग पुढे बँडमधून बाहेर पडला आणि सप्टेंबरात डेव्ह ग्रोल आला.

सॉनिक यूथ हा बँड आधीच गेफनच्या डीजीसी या शाखेकडे होता. त्यांच्याच शिफारशीने निर्वाना तिथे गेला. सब पॉपला करार सोडवण्याची रक्कम, पुढच्या विक्रीतला थोडा हिस्सा आणि वेष्टनावर बोधचिन्हाची जागा मिळाली. तेव्हा हा सौदा किरकोळ वाटला असेल, पण पुढे त्याच हिश्श्याने सब पॉपला तारलं.

नव्या अल्बमला ६५,००० डॉलर मंजूर झाले. विक्रीचं माप सॉनिक यूथच्या ‘गू’वरून घेतलं: अडीच लाख प्रतींच्या आसपास. सगळं नीट जमलं तर सप्टेंबर १९९२ पर्यंत गोल्ड, म्हणजे पाच लाख, ही आशेची वरची मर्यादा.

स्टुडिओतलं काम

मे १९९१. जागा लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमधली साउंड सिटी. कळकट इमारत, पण आत ड्रम्ससाठी उत्तम घुमणारी मोठी खोली आणि नीव्ह ८०२८ हे ध्वनी मिसळण्याचं कन्सोल. विगकडे आधी आली होती ती सरावाची कॅसेट. साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेली, आवाज इतका फाटलेला की ड्रम्स आणि गिटार वेगळे काढणं कठीण. पण चाल कळत होती, आणि गाण्याची निवड त्यावरूनच होते.

स्टुडिओत शिरण्याआधी काही दिवस सराव झाला आणि गाण्यांची मांडणी तासली गेली. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’मध्ये विगने ध्रुवपद आखूड केलं आणि शेवटी येणारा गिटारचा एक तुकडा ध्रुवपदात आणला. फेरफार एवढाच. सूर, शब्द, रचना बँडची. निर्माता म्हणजे गाण्यात लुडबूड करणारा, असा समज असलेल्यांनी हे प्रमाण लक्षात घ्यावं.

मूळ ट्रॅक तिघांनी एकत्र वाजवून घेतले, बहुतेक दोन-तीन टेकमध्ये (टेक म्हणजे मुद्रणाची एक फेरी). ‘टीन स्पिरिट’चे तीन टेक झाले, दुसरा ठेवला. अडचण वेगळीच निघाली. या गाण्यात कडवं अगदी मोकळं आहे: बास, ड्रम्स आणि कोरस पेडलमधून (गिटारचा आवाज लहरता करणाऱ्या पायपट्टीतून) येणारे गिटारचे दोनच सूर. ध्रुवपदात एकदम डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज. ही उडी मारताना गायक-गिटारवादक कर्ट कोबेनला पायाने पेडल दाबायचं असे आणि तेवढ्यात लय हुकायची. मैफलीत असली चूक खपून जाते, कारण शेजारी हजारभर लोक ओरडत असतात. टेपवर मात्र नेमकी त्याच क्षणी पोकळी ऐकू येते, जिथे धक्का बसायला हवा. विगने या जागा नंतर दुरुस्त करून घेतल्या.

आता या प्रकरणातला खरा मुद्दा. ‘हळू आवाजातलं कडवं, दणदणीत ध्रुवपद’ ही रचना निर्वानाची नव्हे. पिक्सीज हा बँड ती वर्षानुवर्षं करत होता आणि कोबेनने तसं उघड मान्य केलं आहे. मग ती पिक्सीजना रेडिओवर जे देऊ शकली नाही, ते इथे का देऊ शकली?

रेडिओ केंद्रात गाणं हवेत जाण्यापूर्वी कॉम्प्रेसरमधून जातं. हे यंत्र हळू आवाजाचा भाग उचलतं आणि मोठ्या आवाजाचा दाबतं, म्हणजे मोटारीत, दुकानात, गोंगाटात सगळं एकसारखं ऐकू येतं. याचा अर्थ असा की स्टुडिओत लहान-मोठ्या आवाजावर उभा केलेला सगळा विरोध रेडिओवर चपटा होतो. कडवं उंच येतं, ध्रुवपद दबतं, उडी नाहीशी. या यंत्रातून टिकतो तो जाड-पातळपणाचा विरोध. कडव्यात आवाजांचे दोन-तीनच थर आणि ध्रुवपदात आठ-दहा, असं असेल तर यंत्राने पातळी समान केली तरी कानाला ध्रुवपद मोठंच लागतं. ‘नेव्हरमाइंड’चा विरोध थरांवर बांधलेला आहे.

हे थर मिळवणं सोपं नव्हतं, कारण कोबेनला एकच ओळ दोनदा गाणं म्हणजे फसवणूक वाटे. गाण्याचा आवाज दुहेरी करायचा, म्हणजे तीच ओळ पुन्हा गाऊन पहिलीवर चढवायची. दोन वेळच्या गाण्यात पट्टीचा आणि काळाचा केसभर फरक राहतो, त्यातूनच आवाजाला अंग येतं. यंत्राने केलेल्या नकलेत हा फरक नसतो, म्हणून नक्कल तितकी भरदार लागत नाही. उलट फरक जास्त झाला तर ‘स’, ‘ट’ अशी व्यंजनं दोनदा टिकटिकतात आणि ओळ भोंगळ होते. कोबेनची फेक प्रत्येक वेळी जवळजवळ तंतोतंत तशीच पडायची, त्यामुळे त्याचा आवाज या कामाला अगदी योग्य होता. विगने त्याला सांगितलं, बीटल्सचा जॉन लेनन हेच करायचा. लेननचं नाव चाललं. जिथे ते चालत नसे तिथे थाप: टेक नीट उमटला नाही, सुराला थोडा उतरला, अजून एकदा घेऊ. ‘ड्रेन यू’वर गिटारचे इतके थर बसले ते बरेचसे अशाच युक्तीने.

गळ्याची मर्यादाही होती. इतक्या ताणून ओरडल्यावर आवाज बसायचा, त्यामुळे ‘टीन स्पिरिट’ला विगला गायनाचे तीनच टेक मिळाले. अशा वेळी आधी थोडं तापवून घेऊ, मग खरा टेक, असा बेत चालत नाही. पहिल्या ओळीपासून टेप चालू हवी आणि पातळी आधीच लावलेली हवी.

‘लिथियम’ची अडचण लयीची. ध्रुवपदाकडे जाताना ग्रोलचा ठेका चढायचा. दहा-बारा ठोक्यांत जेमतेम जाणवणारी ती चढ कडव्याला परत आल्यावर मात्र टोचते, कारण मोकळ्या कडव्यात लपायला जागा नसते. शेवटी क्लिक ट्रॅक, म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानात टिकटिकणारा एकसारखा ठेका, लावला. मेट्रोनोमवर वाजवलेलं रॉक निर्जीव होतं म्हणतात, पण हे गाणं ऐकून तसं वाटत नाही. गिटारला इथे बिग मफ हा फझ पेडल आणि फेंडर बासमन अॅम्प्लिफायर होता, म्हणून तिचा पोत इतर गाण्यांपेक्षा काळवंडलेला आणि बोजड आहे. याच गाण्याच्या एका फसलेल्या टेकनंतर बँडने वैतागून नुसता धिंगाणा वाजवला, कोबेनने गिटार फोडली, आणि विगची टेप चालूच होती. त्या तुकड्याचं नाव पुढे ‘एंडलेस, नेमलेस’. त्याने पुढे घोटाळा केला, तो खाली येईल.

‘समथिंग इन द वे’ सगळ्या स्टुडिओशी उलटं गेलं. बँडबरोबर वाजवून पाहिलं, जमेना. कोबेन कंट्रोल रूममध्ये आला, सोफ्यावर आडवा झाला आणि हे असं लागायला हवं म्हणून जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू गाऊ लागला. विगने फोन काढून ठेवला, पंखा बंद केला, माइक तिथेच आणले आणि तोच टेक घेतला. गिटार पाच तारांची जुनी स्टेला, धड सुरात न लावलेली. क्षण पकडला गेला, आणि त्याची किंमत नंतर चुकवावी लागली. लय धरायला क्लिक नव्हता, गिटार कोणत्याच प्रमाण पट्टीत नव्हती, आणि आता त्यावर बास, ड्रम्स आणि चेलो चढवायचे होते. क्रिस्ट नोव्होसेलिकला बास त्या बेसूर गिटारला जुळवून लावावा लागला. ग्रोलसारख्या दणक्या ड्रमरला कुजबुजल्यासारखं वाजवायला सांगणं हा वेगळाच व्याप. चेलोवादक कर्क कॅनिंगलाही प्रमाण सूर सोडून गिटारच्या मागे जावं लागलं. अशा गाण्यात भावनिक टेक आधी आणि साथ नंतर हा क्रम वाद्यवृंदाला छळतो. पण उलट क्रमाने तो टेक मिळालाच नसता.

‘पॉली’ तर मुळात नव्याने मुद्रित झालंच नाही. स्मार्ट स्टुडिओतलाच टेक वापरला. त्यातले झांजेचे मोजके ठोके चॅनिंगचे आहेत, श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही.

मिक्स दुसऱ्याच्या हाती

ध्वनिमुद्रण संपल्यावर विग आणि बँडने स्वतः मिक्स करायला, म्हणजे सगळे ट्रॅक तोलून एकत्र करायला, घेतलं. ते फसलं. कोबेनला सगळं काळसर, ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडसारखं हवं होतं आणि तो ट्रेबल, म्हणजे आवाजाचा वरचा तीव्र भाग, खाली ओढायचा. ट्रेबल काढला की झांज आणि शब्दांच्या कडा जातात, मग थर कितीही असोत, एकमेकांत चिखलासारखे मिसळतात. महिनाभर तेच तेच ऐकून थकलेल्या कानांनी मिक्स करू नये हा धंद्यातला जुना नियम आहे, आणि तो जवळजवळ सगळेच मोडतात.

कंपनीच्या गॅरी गर्शने मिक्स करणाऱ्यांची यादी दिली. तीत आर.ई.एम. या बँडचं काम करणारा स्कॉट लिट होता, एड स्टॅसियमही होता. कोबेनला धास्ती अशी की या मंडळींच्या हाती दिलं तर अल्बम त्यांच्या त्यांच्या बँडांसारखा वाजेल. त्याने अँडी वॉलेसला निवडलं, कारण वॉलेसने स्लेयर या जहाल मेटल बँडच्या ‘सीझन्स इन द अबिस’वर काम केलं होतं. स्लेयर मवाळ कसा असेल? विचार बरोबर, निष्कर्ष मात्र उलटा निघाला. वॉलेसचं वैशिष्ट्य क्रौर्य नव्हतं, स्वच्छता होती. जोरकस संगीतात प्रत्येक वाद्याला आपली जागा देणं हे त्याचं काम.

त्याने ग्रोलचे ड्रम्स तसेच ठेवले, खाली नमुन्यांच्या (आधी मुद्रित केलेल्या ड्रमच्या आवाजांच्या) मदतीने खोलीचा घुमार मिसळला, म्हणजे स्नेअर ड्रमचा प्रत्येक फटका किंचित रुंद होतो. गिटारचे थर डावी-उजवीकडे पसरवले आणि मधली जागा गाण्याच्या आवाजाला, बासला आणि किक ड्रमला मोकळी ठेवली. तेव्हा बँड खुश होता. नंतर कोबेन म्हणू लागला की हा अल्बम पंकपेक्षा मॉटली क्रू या चकचकीत मेटल बँडच्या जास्त जवळचा वाजतो. तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण विगने चढवलेले थर याच मिक्समुळे वेगवेगळे ऐकू आले, आणि रेडिओच्या कॉम्प्रेसरपुढे तेच टिकले.

मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीचा ध्वनीवरचा शेवटचा हात, न्यूयॉर्कच्या मास्टरडिस्कमध्ये हॉवी वाइनबर्गने केलं. इथे तो घोटाळा. ‘एंडलेस, नेमलेस’ शेवटच्या गाण्यानंतर लपवून ठेवायचं, हे त्याला तोंडी सांगितलं होतं. कागदावर कुठे नव्हतं. त्यामुळे पहिल्या खेपेच्या सीडींत ते गाणंच नाही. कोबेनला हे स्वतःची प्रत ऐकताना कळलं. फोन गेला, आणि पुढच्या खेपांत सुमारे दहा मिनिटांची शांतता ठेवून गाणं जोडलं. आज पहिली खेप ओळखायची सोपी खूण म्हणजे ते नसणं.

रेडिओ, टीव्ही, बारकोड

कंपनीचा बेत दोन पावलांचा होता. ‘टीन स्पिरिट’ ऑगस्टच्या शेवटी कॉलेज आणि अल्टरनेटिव्ह (चाकोरीबाहेरचं रॉक वाजवणाऱ्या) रेडिओ केंद्रांना द्यायचं, म्हणजे ओळखीचे श्रोते जमतील. मोठ्या केंद्रांसाठी ‘कम अॅज यू आर’ नंतर सोडायचं, खरा मारा त्याचा. पहिल्याच पावलाने काम केलं. गाणं अल्टरनेटिव्ह केंद्रांची कुंपणं ओलांडून गेलं आणि शेवटी बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत, हॉट १०० मध्ये, सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं.

व्हिडिओ सॅम्युएल बायरचा. शाळेच्या जिमचा देखावा, प्रेक्षक म्हणून बोलावलेली तरुण मुलं. दिवसभर बसवून कंटाळवल्यावर शेवटी त्यांना मोकळं सोडलं आणि त्यांनी सेट मोडला. तो गोंधळ खरा आहे म्हणून तसा दिसतो. २९ सप्टेंबरला एमटीव्हीच्या ‘१२० मिनिट्स’ या रात्री उशिराच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा लागला, आणि ऑक्टोबरात दिवसा पुन्हापुन्हा लागणाऱ्या व्हिडिओंत गेला.

तिसरी गोष्ट कोणाच्याच हातची नव्हती. २५ मे १९९१ पासून बिलबोर्डची अल्बमांची यादी साउंडस्कॅन या विक्री मोजणाऱ्या यंत्रणेवर निघू लागली होती. त्याआधी दुकानदार फोनवर सांगतील ते प्रमाण. गल्ल्यावरचा पोऱ्या काय जोरात चाललंय म्हणायचा, ते यादीत जायचं. आता बारकोड मोजला जाऊ लागला. या बदलाने निर्वानाला प्रती विकून दिल्या नाहीत, पण विकलेल्या प्रती लपून राहिल्या नाहीत. अल्बम १४४ व्या क्रमांकावर उतरला, नोव्हेंबरात पहिल्या चाळिसात आला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गोल्ड आणि प्लॅटिनम (दहा लाख) या दोन्ही नोंदी झाल्या. दर आठवड्याची चढ कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आकड्यांत येत होती. अंदाज आणि सांगोवांगीच्या जुन्या पद्धतीत ती दिसायला आणखी किती आठवडे गेले असते, याचा विचार करावा.

माल नाही

आणि मग पुरवठा कोसळला. ४६ हजार प्रती देशभर विखुरल्या की एकेका दुकानाच्या वाट्याला दोन-चार येतात. त्या संपल्या की गिऱ्हाईक परत जातं आणि बारकोड यादीतही काही मोजत नाही, म्हणजे मागणी असूनही क्रमांक थांबतो. गेफनला इतर अल्बमांची छपाई थांबवून कारखाने ‘नेव्हरमाइंड’ला लावावे लागले. हीच कंपनी ‘नेव्हरमाइंड’च्या एका आठवडा आधी गन्स एन’ रोझेस या बड्या रॉक बँडचे ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन अल्बम घेऊन उतरली होती. सगळं बळ तिकडे असणं स्वाभाविक होतं.

बँडचा दौराही जुन्या हिशोबावर ठरलेला. छोटे क्लब, त्यात मावतील त्याच्या कितीतरी पट लोक. युरोपात तर काही ठिकाणी गर्दी धोकादायक झाली. दौरा आणि छपाई, दोन्हींत एकच दोष: आकडा वाढला तर काय, याची तयारीच नव्हती. चाललं नाही तर काय करायचं याचा बेत प्रत्येक कंपनीकडे असतो. चाललं तर, याचा सहसा नसतो.

कंपनीचे अध्यक्ष एड रोझेनब्लॅट नंतर म्हणाले की आम्ही काही केलंच नाही, फक्त वाटेतून बाजूला झालो. ही विनयाची गोष्ट आहे, हिशोबाची नाही. त्यांनी चांगल्या स्टुडिओला पैसे दिले, फसलेला मिक्स दुसऱ्याकडे नेऊ दिला आणि व्हिडिओचा खर्च केला. अल्बम अडीच लाख प्रतींच्या हिशोबाने विकायला काढला, पण बनवताना त्याहून मोठ्या बाजाराची काळजी घेतली गेली.

नाताळच्या सुटीनंतरचा आठवडा निर्णायक ठरला. घरच्यांनी भेट दिलेली ‘डेंजरस’ दुकानात परत देऊन मुलं ‘नेव्हरमाइंड’ घेत होती, असं सांगितलं जातं. ज्या दिवसाच्या यादीत अल्बम पहिला आला, त्याच रात्री बँड टीव्हीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात वाजत होता.

पैसा आणि पुढचा अल्बम

१९९२ च्या वसंतात कोबेनने गाण्यांच्या हक्कांच्या पैशांची वाटणी बदलून मागितली: शब्द सगळे आपले, संगीतातलाही ९० टक्के वाटा आपला, आणि हे ‘नेव्हरमाइंड’च्या प्रकाशनापासून लागू. गाणी बहुतेक त्याचीच होती, मागणी चूक म्हणता येणार नाही. पण पैसा येऊन पडल्यावर मागच्या तारखेपासून केलेली वाटणी इतर दोघांना टोचणारच. अडीच लाखांच्या अपेक्षेने असले कागद कोणी आधी नीट लिहीत नाही. मास्टरिंगच्या तोंडी सूचनेसारखंच हे.

विक्री पुढे चालू राहिली. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत डायमंड, म्हणजे एक कोटी प्रती, नोंदला गेला.

पुढच्या अल्बमला बँडने मुद्दाम उलटी दिशा घेतली. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला स्टीव्ह अल्बिनी, ठरलेली ठोक फी, विक्रीत हिस्सा नको, थर शक्य तितके कमी. ‘इन यूटेरो’ तयार झाला, पण गायन आणि बास दबलेले वाटू लागले. कंपनी अस्वस्थ होती, काही प्रमाणात बँडही. शेवटी अल्बम बराचसा तसाच राहिला, पण रेडिओवर जाणारी ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी पुन्हा मिक्स करायला दिली. ती केली स्कॉट लिटने, गर्शच्या १९९१ च्या यादीतल्या, तेव्हा नाकारलेल्या त्याच स्कॉट लिटने.